आईचे ताट आणि बाळाचे दूध

वस्तीत एखादीचे बाळंतपण झाले की आठ-पंधरा दिवसांत एक वाक्य हमखास कानावर येते : "तिच्या अंगात काही नाही, तिचं दूध पाणचट आहे." कधी सासू म्हणते, कधी शेजारीण, कधी बाळंतीण स्वतःच. त्यानंतर बाळासाठी पावडरचा डबा आणि बाटली येते. ज्या पैशांत आईसाठी अंडी, डाळ, शेंगदाणे आले असते, ते पैसे डब्यात जातात. आईचे ताट होते तसेच राहते. पुष्कळदा ते आणखी हलके होते, कारण "आता बाळ वरच्या दुधावर आहे, तिला काय जास्त खायचं?"

आपण सांगोवांगीवर विश्वास ठेवणारे लोक नाही. एखादी गोष्ट परंपरेने चालत आली म्हणून मानू नका, तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तेव्हा हे वाक्यही तपासू या. त्यासाठी दूध तयार कसे होते आणि त्यातले प्रथिन, म्हणजे ज्याला आपण प्रोटीन म्हणतो ते, येते कोठून, हे समजून घ्यावे लागेल.

रक्तातून दुधात

आईने खाल्लेली डाळ-भाकरी सरळ छातीत जात नाही. पोटात आणि आतड्यात अन्न पचते तेव्हा डाळीतल्या, अंड्यातल्या प्रथिनांचे बारीक बारीक तुकडे होतात. त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ धरली, तर अमिनो आम्ले म्हणजे सुटे झालेले मणी. हे मणी रक्तात मिसळतात आणि अंगभर फिरतात.

आईच्या स्तनात द्राक्षाच्या घडासारख्या असंख्य बारीक पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीची भिंत पेशींच्या एकाच थराची असते. भिंतीच्या बाहेरच्या बाजूने केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्या जातात आणि आतल्या पोकळीत दूध साठते. पेशीला रक्ताच्या बाजूने दारे असतात. ही दारे म्हणजेसुद्धा प्रथिनेच. एका दाराने काही ठरावीक मणी आत येतात, दुसऱ्याने दुसरे. साखरेसाठी वेगळे दार आहे. आत आलेले मणी पेशी पुन्हा ओवते, पण आता डाळीची किंवा अंड्याची माळ होत नाही. आईच्या दुधाची माळ होते. ओवून झालेली माळ बारीक बुडबुड्यात बांधली जाते आणि बुडबुडा आतल्या बाजूला फुटून माल दुधात उतरतो. आई भाकरी थापत असो की झोपलेली असो, हे काम रात्रंदिवस चालू असते.

माळ ओवायला एकूण २० प्रकारचे मणी लागतात. त्यांतले ९ आपले शरीर बनवू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागतात. ओवताना त्यांतला एक जरी कमी पडला तरी माळ तिथेच थांबते. बाकीचे कितीही असोत, त्यांचा उपयोग होत नाही. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांत लायसिन नावाचा मणी कमी असतो. डाळी-कडधान्यांत तो भरपूर असतो, पण त्यांत मेथिओनिन कमी, आणि ते धान्यात असते. म्हणून नुसती भाकरी-मिरची किंवा नुसता भात-मीठ यांनी पोट भरते पण माळ पुरी होत नाही. भाकरी आणि मटकीची उसळ एका ताटात आली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. अंडी, मासे, मांस, दूध यांत सगळे मणी असतात.

स्तन रक्तातून नेमके काय उचलतो, हे शास्त्रज्ञांनी शोधले कसे? युक्ती साधी आहे. बाजारातून येणाऱ्या बाईची पिशवी घरात शिरण्याआधी बघायची आणि घरातून परत निघाली की पुन्हा बघायची. जे कमी झाले ते घरात राहिले. गाय-शेळीच्या कासेकडे जाणारे रक्त आणि कासेतून परत येणारे रक्त असेच तपासले गेले. गाय पाळलेल्यांना माहीत आहे, तिच्या पोटाखालून बोटाएवढी जाड शीर पुढे जाते. कासेतले रक्त त्या शिरेतून परत जाते. अशा तपासणीतून कळले, की गायीच्या एक लिटर दुधासाठी कासेतून ४०० ते ५०० लिटर रक्त फिरावे लागते. हेही दिसले की काही अमिनो आम्ले कास दुधाला लागतात त्याहून जास्त उचलते आणि त्यांचा उपयोग दुसरे मणी बनवायला व जळण म्हणून करते. बाईच्या स्तनाचे काम याच रीतीने चालते.

दूध पातळ का दिसते

आता "पाणचट" या शब्दाकडे. आईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण १ ग्रॅम प्रथिन असते. गायीच्या दुधात ते ३ ग्रॅमच्या वर आणि म्हशीच्या दुधात त्याहूनही जास्त. आकडा ऐकून कोणी म्हणेल, मग म्हशीचेच दूध चांगले! पण वासरू दीड-दोन महिन्यांत आपले वजन दुप्पट करते. माणसाच्या बाळाला त्याला सुमारे पाच महिने लागतात. ज्याची वाढ जशी, तसे त्याच्या आईचे दूध. तान्ह्या बाळाला वासराचे प्रथिन दिले तर ते जास्तीचे प्रथिन बाहेर टाकण्याचा ताण त्याच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर पडतो.

शिवाय प्रथिन किती यापेक्षा कोणते हे महत्त्वाचे. गायीच्या दुधातले सुमारे ८० टक्के प्रथिन केसिन जातीचे असते. दूध पांढरेफेक दिसते ते केसिन आणि चरबीमुळे, आणि दूध नासले की जो घट्ट चोथा राहतो तो केसिनचा. आईच्या दुधात केसिन साधारण ४० टक्केच. उरलेले प्रथिन पाण्यात विरघळणारे, डोळ्यांना न दिसणारे. म्हणून आईचे दूध निळसर, पातळ दिसते. बाळाच्या पोटात त्याचा मऊ, बारीक चोथा होतो आणि तो लवकर पचतो. म्हणून बाळ दोन-दोन तासांनी मागते. लोक म्हणतात, "पोट भरत नाही, म्हणून रडतं." बहुतेक वेळा पचले म्हणून मागत असते. दूध पाजायला सुरुवात केली की आधी पातळ येते आणि स्तन रिकामा होत जातो तसे स्निग्ध येते. पाच मिनिटांत बाळाला ओढून दुसऱ्या बाजूला लावले तर मागचे दूध त्याच्या वाट्याला येत नाही.

त्या न दिसणाऱ्या प्रथिनांत अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन नावाचे एक आहे. ते नुसते बाळाचे अन्न नाही. त्याच्या मदतीनेच पेशी रक्तातल्या साखरेपासून दुधाची साखर बनवते आणि ही साखर आपल्याकडे पाणी ओढून घेते. म्हणजे दूध किती येणार, हेसुद्धा या एका प्रथिनाशी बांधलेले आहे. दुसरे लॅक्टोफेरिन, ते लोह धरून ठेवते आणि जंतूंना मिळू देत नाही.

तिसरे म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने. ती दुधाच्या पेशी बनवत नाहीत. त्यांच्या शेजारी येऊन बसलेल्या पहारेकरी पेशी बनवतात आणि दुधाच्या पेशी ती रक्ताच्या बाजूने उचलून दुधात पोचवतात. या पहारेकऱ्यांतले बरेचसे आईच्या आतड्यातून आलेले असतात. तिथे त्यांची गाठ कोणत्या जंतूंशी पडलेली असते? त्याच नळाच्या, त्याच गटाराच्या, त्याच गल्लीतल्या जंतूंशी. म्हणजे आई ज्या वस्तीत राहते त्याच वस्तीच्या रोगांवरचा बंदोबस्त तिच्या दुधात असतो. असा बंदोबस्त कोणत्याही डब्यात नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांचे पिवळसर, चिकट दूध म्हणजे चीक. त्यात ही प्रथिने सर्वांत जास्त असतात. काही घरांत अजूनही तो पिळून टाकतात आणि बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवतात. ही चाल बंद झाली पाहिजे. बाळाला जन्मानंतर तासाभरात अंगावर घ्यावे.

आई उपाशी राहिली तर

मुख्य प्रश्न हा. आईने कमी खाल्ले, तर दुधातले प्रथिन कमी होते का?

गायीच्या बाबतीत चाऱ्यात पेंड कमी-जास्त केली की दुधावर लवकर परिणाम दिसतो, हे प्रत्येक गवळ्याला ठाऊक आहे. बाईचे तसे नाही. निरनिराळ्या देशांत, खाऊनपिऊन सुखी घरांत आणि अगदी गरीब घरांत दूध तपासले गेले. दुधातल्या प्रथिनाच्या प्रमाणात फरक फार थोडा आढळला. आफ्रिकेतल्या गॅम्बिया देशात केनेबा नावाचे खेडे आहे. तिथल्या शेतात राबणाऱ्या, कमी खाणाऱ्या लेकुरवाळ्या बायांना १९८० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी रोज ७०० कॅलरींहून जास्त पूरक आहार दिला. अपेक्षा होती की दूध वाढेल. ते वाढले नाही, कारण आधीपासूनच ते बाळाला हवे तेवढे येत होते. आयांचे वजन मात्र थोडे वाढले.

याचा अर्थ असा की रक्तातल्या मण्यांवर पहिला हक्क शरीराने दुधाला दिला आहे. ताटातून मणी आले नाहीत तर शरीर ते आईच्याच अंगातून काढते, तिच्या दंडातून, मांडीतून, पाठीतून. स्नायूंचे प्रथिन सुटे होते, रक्तात येते आणि दुधाची पेशी ते उचलते. बाळाला कळतही नाही.

हिशेब करून पाहा. पहिल्या सहा महिन्यांत बाळ दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध पिते. त्यात सुमारे ८ ग्रॅम प्रथिन. १८० दिवसांचे झाले जवळजवळ दीड किलो, तेही निव्वळ प्रथिन. मांसात पाचवा हिस्सा प्रथिन असते असे धरले, तर हे सगळे आईच्या अंगातूनच काढायचे झाल्यास तिचे सात किलो मांस जाईल. सगळेच अंगातून जात नाही हे खरे, कारण काहीतरी ती खातेच. पण दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणानंतर कंबर धरून चालणारी, पायऱ्या चढताना धापा टाकणारी, तिशीत पन्नाशीची दिसणारी बाई आपल्या प्रत्येक गल्लीत आहे. तिने हा हिशेब आपल्या अंगाने चुकता केला आहे.

म्हणून "तिच्या अंगात काही नाही, म्हणून दूध पाणचट" हे वाक्य उलटे आहे. दूध चांगले आहे. तिच्या अंगात काही उरत नाही, ते दूध चांगले ठेवण्यासाठीच.

याला मर्यादा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. अगदी दुष्काळासारखी उपासमार झाली तर दूध कमी होते. आणि प्रथिनाला जो न्याय, तो सगळ्याच घटकांना नाही. ब१२, ब१ आणि अ ही जीवनसत्त्वे तसेच आयोडीन आईच्या आहारात कमी पडली तर दुधातही कमी पडतात. ब१२ तर मुख्यतः अंडी, मासे, मांस, दूध यांतूनच मिळते. आईला ते वर्षानुवर्षे कमी पडले असेल तर बाळ सुस्त होते, मान धरायला उशीर करते. ज्या घरात महिनोन् महिने यांतले काहीच येत नाही, तिथल्या बाळंतिणीने दवाखान्यात ब१२ बद्दल जरूर विचारावे.

ताटात काय

राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद यांच्या शिफारशीप्रमाणे बाईला एरवी दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिन लागते. बाळ पहिले सहा महिने अंगावर पीत असताना त्यात १७ ग्रॅमची भर हवी, आणि ६०० कॅलरींची. दुधात जातात ८ ग्रॅम, मग १७ का? कारण खाल्लेले सगळे मणी दुधात पोचत नाहीत. पचनात, ओवण्यात काही वाया जातात.

१७ ग्रॅम म्हणजे किती? ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी ६ ग्रॅम देते. एक वाटी घट्ट डाळ किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ तेवढेच किंवा थोडे जास्त. मूठभर शेंगदाणे ७ ग्रॅम. नेहमीच्या दोन वेळच्या जेवणावर एवढे तीन पदार्थ चढले की प्रथिनाचे काम झाले. त्यावर एक अंडे किंवा एखादा अळिवाचा लाडू आला की कॅलरींचेही जवळपास भागते. सुका बोंबील आणि सुकट यांत निम्म्याहून अधिक प्रथिन असते. आठवड्यातून दोन-तीनदा मूठभर सुकट चटणीत घातली तरी मोठा आधार होतो. मिठात खारवलेली असेल तर आधी धुऊन घ्यावी. राज्यात २०१५ च्या कायद्याने बैलाचे मांस बंद झाले आणि गरिबाच्या ताटातले एक स्वस्त प्रथिन गेले. तेव्हापासून अंडी, सुकी मासळी आणि कडधान्य यांवर भार वाढला आहे. दुकानातल्या प्रोटीन पावडरच्या डब्याची मात्र गरज नाही. त्याच पैशांत महिनाभराचे शेंगदाणे आणि डाळ येते.

भाकरी कमी करून नुसती डाळ वाढवणे मात्र चुकीचे. घरातले सरपण संपले की माणूस दाराची चौकट जाळतो. तसे शरीराला जळण कमी पडले की ते प्रथिनच जाळते. मणी ओवायला उरत नाहीत.

आता पथ्याबद्दल. बाजरीची भाकरी, शेपू, मेथी, लसूण, अळीव, डिंक, खसखस ही आपल्या आज्यांची बाळंतिणीची पथ्ये चांगली आहेत, ती चालू ठेवावीत. पण त्याच आज्यांनी घातलेल्या काही बंद्या घातक आहेत. डाळ वातूळ, अंडी-मासे उष्ण, पालेभाजीने बाळाला हिरवी शी होते, फळाने सर्दी होते, पाण्याने पोट सुटते. सगळ्या पाळल्या तर ताटात तूप-भात तेवढा उरतो, आणि गरिबाघरी तूपही नाही. यांतल्या एकाही बंदीला आधार नाही. पाणी तहान लागेल तेवढे प्यावे.

सर्वांत मोठी बंदी तर कोणी बोलून दाखवत नाही. घरातली सून सगळ्यांत शेवटी जेवते. पुरुषांचे झाले, मुलांचे झाले, सासूबाईंचे झाले, मग पातेल्यात जे उरेल ते तिचे. डाळीतली डाळ वर गेलेली असते, खाली पाणी. सासूबाई, तुम्हीही कधी काळी तेच खाल्ले आहे. बाळंतिणीचे ताट आधी वाढून बाजूला झाकून ठेवणे, एवढी एक सवय घरात लागली तर बाकीचा अर्धा लेख वाचायची गरज नाही.

मशेरीचेही सांगायला हवे. बाळंतिणीला भूक लागत नाही तिथे पुष्कळदा मशेरी किंवा तंबाखू असते. तिने भूक मरते, आणि तिच्यातले निकोटिन दुधातून बाळात उतरते.

दूध वाढते कशाने

मणी हजर असले तरी ओवायचा हुकूम लागतो. बाळ ओढते तेव्हा आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक सुटते. ते पेशींना "बनवा" म्हणून सांगते. दुसरे ऑक्सिटोसिन, त्याने पिशव्या आवळल्या जातात आणि पान्हा फुटतो. स्तन रिकामा झाला की नवे दूध लवकर बनते, भरून राहिला की पेशी काम मंदावतात. म्हणून बाटली आली की बाळ कमी ओढते, कमी ओढले की दूध कमी बनते, आणि मग घरचे म्हणतात, "बघा, आम्ही सांगत होतो, हिला दूधच नाही!" दूध वाढवायचे औषध म्हणजे बाळाला वरचेवर, रात्रीसुद्धा, नीट धरून अंगावर घेणे. फक्त बोंडी नव्हे, तर भोवतालच्या काळ्या भागाचा बराचसा हिस्सा बाळाच्या तोंडात गेला पाहिजे.

महामायेच्या निधनानंतर सिद्धार्थाला महाप्रजापती गौतमीने आपल्या अंगावर वाढवले, असे परंपरा सांगते. आज दुसऱ्या बाईने थेट पाजणे रोगसंसर्गाच्या दृष्टीने धोक्याचे ठरू शकते. पण आई गंभीर आजारी असेल किंवा दगावली असेल, बाळ कमी दिवसांचे असेल, तर मोठ्या सरकारी रुग्णालयात मातृदुग्ध पेढीची चौकशी करावी. तिथे दान केलेले दूध तपासून, जंतू मारून देतात. आशियातली अशी पहिली पेढी १९८९ मध्ये मुंबईत सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

पावडरचा डबा महाग असतो, म्हणून तो पुरवून पुरवून वापरला जातो. दोन चमच्यांच्या जागी एक. मग जे खरोखर पाणचट असते ते हे दूध. त्यात आपल्याकडचे पाणी, बाटलीचे बूच, उन्हाळा, जुलाबाला आमंत्रणच. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पावडरची आणि बाटलीची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला बंदी आहे. दवाखान्यात कोणी डबा हातात ठेवत असेल तर तो कायदा मोडत आहे.

हक्काचा घास

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्रत्येक गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर सहा महिने प्रत्येक मातेला अंगणवाडीतून मोफत आहार मिळण्याचा हक्क आहे. कायदा झाला तेव्हा त्याच्या परिशिष्टात या आहाराचे माप लिहिले गेले : ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिन. वर सांगितलेला १७ ग्रॅमचा आकडा आठवा. हा आहार दया म्हणून मिळत नाही. आईच्या अंगातून जे जाते त्याची ती मोजून केलेली भरपाई आहे. पण पाकीट घरी आले की त्याची खीर सगळ्या मुलांत वाटली जाते आणि आईच्या वाट्याला दोन चमचे येतात. मुलांची भूकही खरी आहे, हे मान्य. तरी ते पाकीट तिचे आहे. पाकीट मिळत नसेल किंवा किडके मिळत असेल तर याच कायद्याने जिल्हा तक्रार निवारण अधिकारी नेमला आहे. महिला मंडळाने चार सह्यांचा अर्ज केला तर एकटीला बोलावे लागत नाही. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीचे नाव माहेरच्या अंगणवाडीत सांगावे. पहिल्या बाळासाठी, आणि दुसरी मुलगी झाली तर तिच्यासाठीही, मातृवंदना योजनेचे पैसे मिळतात. त्याची चौकशी आशाताईंकडे करावी.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हेच तत्त्व मांडले होते. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. आज नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत कामावर पाजण्यासाठी दोन सुट्ट्या आहेत. पण धुणीभांडी करणारी, कचरा वेचणारी, बिगारी काम करणारी आपली बहीण त्या कायद्यात येत नाही. ती सव्वा महिना झाला की कामावर जाते.

तिच्यासाठी एवढे. कामावर निघण्याआधी हात धुऊन, उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत दूध हाताने पिळून काढावे. झाकून घरातल्या सर्वांत गार जागी ठेवले तर ते चार तासांपर्यंत टिकते. कडक उन्हाळ्यात त्याआधीच संपवावे. चुलीवर तापवू नये, त्याने रोगाशी लढणारी प्रथिने नष्ट होतात. वाटी कोमट पाण्यात धरावी. आजीने ते वाटी-चमच्याने पाजावे, बाटलीने नव्हे. कामावर छाती भरून आली तर आडोशाला पिळून टाकावे, नाहीतर पेशी काम मंदावतात. घरी आल्यावर आणि रात्री बाळाला मनसोक्त अंगावर पाजावे.

दूध पुरते की नाही हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नका. लंगोट मोजा. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरते आहे. जन्मानंतर पहिल्या दिवसांत वजन थोडे उतरते, दोन आठवड्यांत ते भरून यायला हवे. अंगणवाडीच्या काट्यावर बघता येते. बाळ दूध प्यायला उठत नसेल, लघवी कमी झाली असेल, टाळू खोल गेली असेल, अंग गरम किंवा थंड पडले असेल तर डबा आणायला दुकानात जाऊ नका, त्याच वेळी दवाखान्यात न्या. आईला ताप असेल, स्तन लाल होऊन ठणकत असेल तरी तिनेही दाखवून घ्यावे. अशा वेळी त्या बाजूने पाजणे बंद करू नये. डॉक्टरांनी वेगळे सांगितले तरच थांबावे.